सतरा पाट्या

यंत्राला मी एक जुनी अमावस्या विचारली,
बाराशे वर्षांपलीकडची, ज्येष्ठातली.
त्यानं नकाशावर पट्टा काढला:
मुळशीवरून आला, पुण्यावरून गेला,
भीमेकडे उतरला.
आणि तळाशी बारीक अक्षरांत,
चूकभूल द्यावी घ्यावी.
पृथ्वी तेव्हा किंचित घाईत फिरायची म्हणे,
आता मंदावली आहे,
आणि नेमकी किती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
म्हणजे कंकण पुण्यावर दिसलं असेल
किंवा शिरवळवर,
किंवा नाणेघाटात बैल हाकणाऱ्या कुणा एकट्याला.

मी आपला पुण्याचा हट्ट धरतो.
जंगली महाराज रस्त्यावरून आत वळतो,
चपला काढतो,
पाताळेश्वराच्या गोल मंडपापाशी बसून
एकेक पुसत जातो:
बस, रसवंती, बँकेची पाटी, झेब्रा पट्टे.
उरतो काळा कातळ, एक करंज,
पलीकडे मुठा.

लेणं तेव्हा अर्धंच उतरलं होतं जमिनीत.
छिन्न्या सकाळीच थांबल्या.
एचण पाथरवट, त्याची पोरं, दानपत्र लिहिणारा करणिक,
सगळे नदीवर गेले, गळ्याइतक्या पाण्यात.
माळुवा मागे राहिली.
तिच्या दिवसाच्या पाट्या व्हायच्या होत्या.
खडीची पाटी वर नेऊन ओतली
की नाईक कोळशानं एक रेघ ओढायचा,
रेघांवर धान्य.

मग उजेड आजारी पडला.
ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती.
सावल्यांना धार आली.
कावळे करंजावर आले नि बोलायचे थांबले.
रात्र झाली असती तर बरं होतं,
रात्रीचं काय करायचं ते माळुवाला ठाऊक होतं.

वर बघू नये, एवढं कानावर आलेलं.
तिनं रिकामी पाटी डोक्यावर आडवी धरली
आणि खाली बघितलं.

बांबूची वीण जुनी, जागोजाग विरलेली.
तिच्यातून कंकणं गळत होती.
धुळीत, पायांवर, मोकळ्या हातावर,
उजेडाची, आतून पोकळ,
बाहुलीच्या मनगटात जातील एवढी.

तिच्या हातात एरवी काही नसायचं.
शंखाची दोन काकणं होती,
ती पहिल्याच पंधरवड्यात दगडानं खाल्ली.

पाटी उंच धरली, कंकणं मोठी झाली, फिकी झाली.
खाली आणली, लहान आणि ठसठशीत.
हसू आलं तिला.
अशा वेळी हसावं का, हे विचारायला
जवळ कुणी नव्हतं.

मग तिनं मोजली. सवयच ती.
कोपरापर्यंत सतरा.
पुन्हा मोजायला गेली तर
सगळी एकाच बाजूनं फुटली,
आवाज न करता,
आणि हातभर नुसत्या नखांएवढ्या कोरी उरल्या.

ओल्या केसांनी माणसं परतली.
नाईकानं कोळसा उचलला. किती?
ती हाताकडेच बघत होती.
सतरा.

ढीग तर तेवढा दिसत नव्हता.
त्यानं ढिगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
दानाचा दिवस होता म्हणून,
किंवा उपाशी होता म्हणून,
त्यानं कातळावर सतरा रेघा ओढल्या.

अठरावी मात्र तिनं काठोकाठ भरली.
ती डोक्यावर घेऊन चढताना
विणीतून फक्त दगडाचा भुगा पडत राहिला,
मानेवर, खांद्यावर,
उघड्या हातावर.