सोहार शाखा, जमाखर्च

फलजच्या वळणावर वाट चुकलो,
हे आधी लिहून ठेवते.
बाकालावाल्यानं गाडीच्या धुळकट काचेवर
बोटानंच नकाशा काढून दिला:
सिमेंटचं गोदाम, मशीद, पाण्याची टाकी, कॅम्प.
तो नकाशा पुसायचं नंतर कुणाला सुचलं नाही.

आम्ही सात जण आणि एक बॅनर.
बॅनर छापणारा मुलतानचा,
त्याला आपली अक्षरं म्हणजे वेलबुट्टी.
'सेवा'चं त्यानं 'शेवा' केलेलं.
फोटोच्या वेळी मी त्या 'शे'च्या बरोबर पुढे उभी राहिले.
खजिनदाराला एवढं तरी झाकता यावं.

पेटीत बासष्ट चष्मे, जवळचं दिसण्याचे,
एकपासून अडीच नंबरपर्यंत.
भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला तर
पहिले चौघे नुसते हसले.
मग नलूताईंनी मेसमधून ताटभर तांदूळ मागवला,
म्हणाल्या, खडे वेचा.
ज्याला खडा दिसेल तो त्याचा नंबर.
सगळी खोली एकदम माजघरासारखी शांत झाली.
मचाणं बांधणारे, पाइप जोडणारे, डांबर ओतणारे
पुरुष ताटावर वाकून खडे वेचत होते
आणि वर एसीचं पाणी थेंब थेंब
पुदिना लावलेल्या तेलाच्या डब्यात पडत होतं.

पोशेट्टी सर्वांत शेवटी आला.
देगलूरच्या पलीकडचा, नदीच्या त्या बाजूचा,
पासपोर्टवर बेचाळीस, गुडघ्यांवर साठ.
दोन नंबर लागला. मी नेहमीसारखा कागद पुढे केला,
वाचून बघा म्हटलं.
कागदाकडं त्यानं पाहिलंही नाही.
'वाचायला कुठं येतंय मला, बाई. थांबा.'
आणि गादीखालून निळा बिस्किटाचा डबा काढला.
आत रिळं, बटणं, मोडकी कात्री, एक सुई.
सुईत दोरा ओवणारं पोरगं वरच्या बंकवर होतं,
ते दुक्मला गेलं, तेव्हापासून डबा बंद.

त्यानं दोरा ओठांत ओला केला,
सुई ट्यूबलाइटसमोर धरली,
आणि पहिल्याच झटक्यात!
कुणी टाळ्या नाही वाजवल्या. तोही काही बोलला नाही.
दोऱ्याला गाठ मारून त्यानं इकडंतिकडं पाहिलं,
शिवायला काहीतरी हवं होतं.

इलियास मुकादम, आमचे सचिव,
भाषणाचा कागद उघडून उभे होते.
'साहेब, तुमचं बटण लोंबायलंय.'
मनगटावरचं. दोन बैठका मी ते पाहत होते.
'अंगावर शिवायचं म्हणल्यावर
तोंडात काडी धरावं लागतंय.'
कुणीतरी झाडूतली काडी मोडून दिली.
तर असे आमचे सचिव,
शाखेची उद्दिष्टं एका हातात,
दुसरा हात पोशेट्टीच्या गुडघ्यावर,
दातांत काडी, पुरी तीन मिनिटं मुके.
अठरा वर्षांत मंडळाची इतकी चांगली सभा
मी पाहिलेली नाही.

रात्री घरी वही उघडली.
चष्मे सत्तेचाळीस वाटले, पंधरा शिल्लक.
पेट्रोल. बॅनर. खजुराचे दोन खोके.
मेसचा तांदूळ, त्याचे पैसे तो घेईना.
खर्चाची बाजू भरली. जमेच्या बाजूला
मी पेन ठेवलं आणि उचललं.
पांढऱ्या शर्टावर हिरव्या दोऱ्यानं
एक बटण, असं लिहिलं
तर हिशेबतपासनीस विचारणार, पावती कुठंय.
लिहिलं तरीही. पेन्सिलीनं.

पुढच्या शुक्रवारसाठी सुया घ्यायच्यात.
निघताना पोशेट्टी गाडीपर्यंत आला होता,
चष्मा कपाळावर, काच खाली करायला लावली.
'मोठ्या नेढ्याच्या नका आणू,' म्हणाला,
'बारीकच आणा.'