पावती

पाळीच्या काट्यावर मी एकवीस वर्षं बसलो.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
वजाबाकी म्हणजे खनिज.
खाली सही: म. घाडी.
जास्त भरून, वर हसत येणारे
मला टायरवरूनच कळायचे.

खाण बंद पडली. काट्यावर वेल चढली.
मी घरी.
सकाळी उंडा, दुपारी शीत, चहाबरोबर परत उंडा.

काल साखळीच्या आरोग्य केंद्रात
सिस्टर एस्पेरांसानं मला काट्यावर घेतलं.
"बाब, चपला काढा. खिशातलंही."
चाव्या, मोबाइल, तंबाखूची डबी.
अठ्ठ्याहत्तर.
मग भिंतीला पाठ, टाचा टेकवून.
लायसन्सवर पाच फूट सहा आहे, मी सांगितलं.
तिनं डोक्यावर फळी टेकवली: एकशे त्रेसष्ट.
पावणेदोन इंच
कुठल्या वळणावर सांडले, देव जाणे.

"मीटरातली उंची उंचीनंच गुणायची," ती म्हणाली,
"आणि वजनाला त्यानं भागायचं."
तिच्या कॅल्क्युलेटरआधी माझं उत्तर आलं.
एकोणतीस पॉइंट चार.
आपल्याकडच्या माणसाला तेवीसच्या खाली बरं, म्हणे,
साडेअठराच्या वर.
माझ्या उंचीला एकोणपन्नास ते एकसष्ट किलो.
सतरा किलो ओव्हरलोड,
आणि पावती फाडणारा मीच.

मी वाद घातला.
हे हाडांचं वजन आहे, मी कबड्डी खेळलेला माणूस.
"असेल," ती म्हणाली,
"काट्याला हाड आणि चरबी वेगळी कळत नाही."
आणि टेप काढून पोटाभोवती फिरवली.
टेपेला कळलं.

शेवंती दाराशी माझी छत्री धरून उभी.
"बायये, तूंय यो."
"मी कशाला? मी ह्यांच्यासोबत आलेय."
चढताना हळूच विचारलं,
"बांगड्या धरतात वजनात?"
एकोणचाळीस.
फळी खाली आली, आणखी खाली: एकशे बावन्न.

हे गणित मला करायचं नव्हतं.
झालं आपोआप. सोळा पॉइंट नऊ.
त्रेचाळीस तरी हवेत.
चार किलो कमी.
तिच्या कार्डावर सिस्टर बराच वेळ लिहीत होती,
रक्त तपासायचं, काय काय.
माझ्या कार्डावर दोनच ओळी.

अर्धवट भरलेली गाडी मी परत खाणीवर धाडायचो.
हलकी गाडी खड्ड्यात उडते,
ड्रायव्हरला विचारा.
आणि ही तीस वर्षं माझ्यासमोरून गेली,
पातेल्याच्या बुडाचं करपलेलं शीत,
माशाचं डोकं, कधी नुसती पेज.
मी लोकांना सांगायचो,
हिला बरं, काही खा, अंगाला लागत नाही.

रात्री मी पातेलं माझ्याकडे ओढलं.
"आधी तू."
तिला कळेना हात कुठे ठेवावे.
बांगड्याचा मोठा तुकडा मी तिच्या ताटात वाढला,
सवयीनं तिनं माझ्या ताटात,
मी परत तिच्या.
तीन फेऱ्या झाल्या.
मांजर उठून बसलं.

मग तिनं खाल्ला,
भिंतीकडे बघत,
श्वास रोखून,
अजून काट्यावर उभी असल्यासारखी.