पाच मिनिटं

सिग्वेला चघळायला दिलाय मेणाचा तुकडा,
करंगळीच्या पेराएवढा.
चव नाही, वास नाही.
"गिळायचं काहीच नाही हं. तोंडात येईल ते या कपात,"
मारित म्हणते
आणि घड्याळाचं बटण दाबते.

खिडकीबाहेर क्रिस्तियान्सुंदचा धक्का.
साडेतीनलाच अंधार उतरलाय बोटींवर.

जन्मला तेव्हा त्याला दूध ओढता येत नव्हतं.
आई नाकातल्या नळीतून थेंब थेंब सोडायची
आणि मी, सहा वर्षांची, थेंब मोजायचे.
पंधराव्या गुणसूत्राचा एक कण
बापाकडून यायचा, तो आलाच नाही,
असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं.
बाबा त्या कागदाकडे बघत राहिले,
जणू काही देणं द्यायचं विसरले होते.

मग चौथ्या वर्षी भूक आली.
आली ती आलीच.
फ्रीजरमधला कच्चा कॉड, बर्फासकट.
शेजारच्या कुत्र्याची बिस्किटं.
बटाट्याच्या साली, पिशवीच्या तळातून.
तेव्हापासून आईच्या गळ्यात
सोन्याच्या क्रॉसशेजारी
स्वयंपाकघराची किल्ली.

दोन मिनिटं.

भुकेल्याच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणतात.
याच्या नाही सुटत.
जे सुटतं ते चिकट, फेसाळ,
ओठापासून कपापर्यंत एकतारी पाकासारखं लोंबतं,
तुटता तुटत नाही.
तो बोटाने तोडतो, बोट पँटला पुसतो,
माझ्याकडे बघतो: चाललंय ना?
चाललंय.

एकोणतीस वर्षांचा माझा भाऊ
आणि दात सत्तरीतल्या माणसाचे.
झिजून सपाट, कडा पिवळ्या.
धुवायला ओल नाही, म्हणून आम्लाचं फावतं,
मारित आरशातून दाखवते.
रोज रात्री मी त्याच्या मागे उभी राहून
ब्रश धरते, लहानपणी वेणी घालताना
आई माझं डोकं धरायची तसं
त्याचं डोकं धरते.
कधी चावतो. मुद्दाम नाही.
कधी मुद्दाम.

चार मिनिटं.

मेण आता मऊ झालं असणार.
तो चघळतोय, चघळतोय,
आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला म्हटलंय
खा, थांबू नकोस.
मी त्याच्या गळ्याकडे बघत बसते.
गळ्याची घाटी हलेल, मेण पोटात जाईल,
मी "सिग्वे!" म्हणून ओरडेन,
सगळं पहिल्यापासून.

घड्याळ वाजतं.
तो तोंडातून मेण काढतो
आणि मारितच्या हातमोज्यावर ठेवतो.
त्यावर दातांचे ठसे.
"संपलं नाही," तो तक्रार करतो, "चावून चावूनही."

कप वजनकाट्यावर.
दीड मिलिलिटर. "याच्या चौपट तरी हवं."
नवी पेस्ट, पाण्याची बाटली सतत जवळ,
तीन महिन्यांनी पुन्हा.
सिग्वे आकडा विचारतो, फोनमध्ये लिहून घेतो,
वजनाच्या आकड्यांखाली.

परत जाताना
बेकरीच्या आधीच आम्ही रस्ता ओलांडतो.
वारा मात्र आमच्या बाजूने नाही:
वेलदोडा, लोणी, भट्टीतून आत्ताच काढलेले बन.
तो थांबतो. नाक वर करतो.
मी बाटलीचं झाकण उघडून पुढे करते,
तो एक घोट घेतो, तोंडात फिरवतो,
शिकवलंय तसं.

माझं तोंड तोवर भरून आलेलं.
त्याला ऐकू जाणार नाही
अशा बेताने
मी गिळते.