नरसाळं

आर्वोची ब्यूइक माझ्या अंगणात येऊन
आज अकरा दिवस झाले.
पहिल्याच सकाळी बर्फावर लाल ठिपका.
मला वाटलं, मांजरानं काही मारून आणलं.
वाकून बोट लावलं: बुळबुळीत,
वास करपल्या पाकाचा.

त्या रात्रीपासून गाडीखाली पुठ्ठा सरकवते,
सकाळी ओढून काढते, पेन्सिलीनं तारीख घालते.
मंगळवारी बटणाएवढा.
गुरुवारी बशीएवढा.
शुक्रवारी क्विन्सीच्या चढावर
दुसरा गिअर पडेचना,
इंजिन नुसतं ओरडत राहिलं
आणि मागचा बर्फ उपसणारा ट्रक
दिवे लावून, मुकाट, वाट बघत.

रेइनो म्हणाला, ट्रान्समिशन खोलायचं
तर गाडीपेक्षा मजुरी महाग.
"भंगारात दे, आइली."
तेवीस हिवाळे या रस्त्यांचं मीठ खाल्लंय हिनं.
मीठही हिला खात आलंय.

डिकीत जॅक शोधताना सापडलं
पावाच्या पिशवीत गुंडाळलेलं
लांब मानेचं नरसाळं.
बारा बाटल्यांचं खोकं, नऊ रिकाम्या,
सगळ्यांची झाकणं घट्ट लावलेली.
आणि चिंधी: तुझ्या चौकड्यांच्या सदऱ्याची बाही.

म्हणजे तुला ठाऊक होतं.
रविवारी जेवायला यायचास
तेव्हा गाडी लांब, रस्त्याच्या कडेला लावायचास.
मी समजायचे, निघायची घाई.
माझ्या अंगणात डाग पडू नये म्हणून होतं ते?

अंगावर काढलीस गळती.
हिची, आणि ती दुसरीही,
जी डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत
एका वाक्यात सांगितली.
कॉफी ढवळताना तुझा हात मध्येच थांबायचा.
मी पाहिलं होतं.
विचारलं नाही.
आपल्या घरात विचारत नाहीत.

काल शाळेच्या स्वयंपाकघरातले जुने ट्रे
बर्फावर पसरले आणि पाठीवर सरपटत
आत शिरले, टॉर्च दातांत धरून.
तळाचं पात्र कोरडं. मागचं सील कोरडं.
रेडिएटरकडे जाणारी बारीकशी नळी
टेकूपाशी गंजून कागद झालेली.
थेंब जमला, लोंबला,
माझ्या हनुवटीवर पडला.
एवढंच होतं रे.

गंजका तुकडा करवतीनं कापला.
तेल सोसणारी रबरी नळी, दोन क्लॅम्प,
बावीस डॉलर आणि एक सोललेलं बोट.
मग इंजिन तापू दिलं,
एकेक गिअर टाकून पाहिला,
डिपस्टिक तुझ्या बाहीनं पुसली,
नरसाळं लावलं.
दहावी बाटली अर्धी लागली.
झाकण मीही घट्ट लावलं.

आज पुठ्ठ्यावर मधोमध
मसुराएवढा एक डाग.
नवा, की कालचाच ओघळ, कळत नाही.
तारीख घातली.
गाडी मात्र अंगणातच ठेवलीय,
अगदी दाराला लागून.