रहिवासाचा पुरावा

माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींना सहसा
प्रिंटरच्या शाईचा वास असतो, क्वचित सिगारेटचा.
ब्रिसेडा ओल्वेराच्या पाकिटाला कांद्याचा होता.

राज्याची रहिवासी असेल तर फी एवढी,
नसेल तर तिप्पट.
मधल्या फरकात दर वर्षी
एक बरी सेकंडहँड गाडी येते.
ती आलीय पेयेटहून, आयडाहोतून,
म्हणजे नदीपलीकडून. गाडीने दहा मिनिटं.

बारा महिने सलग, असं नियम म्हणतो.
तिने बाराही विजेची बिलं जोडलीत, मावशीच्या नावाची,
हिवाळ्यातल्या आकड्यांखाली पेन्सिलची रेघ:
गॅरेजमधला हीटर माझा.
ओरेगनचं लायसन्स. दात काढल्याची पावती.
आणि मासे धरायचा परवाना, रहिवाशाच्या दराने.
गळ टाकण्यापुरती ती आमची आहे
हे राज्याने आधीच मान्य केलंय.

"मध्यंतरी राज्याबाहेर होतात का?"
या रकान्यात सगळे "नाही" लिहितात,
मीही खोदत बसत नाही.
हिने लिहिलंय: एकोणीस दिवस. आईचं ऑपरेशन.
त्यातल्या तेरा रात्री झोपायला परत आले.

मग सतरावा प्रश्न.
"या राज्यात येण्याचं मुख्य कारण?"
इथे भलेभले घसरतात.
शिकायला आले, असं लिहिलं की संपलं.
शिकायला आलेला माणूस इथला धरत नाहीत.
आधी दुसऱ्याच कशासाठी तरी यावं,
वर्षभर राबावं,
आणि मग सहज, जाता जाता,
शिकावंसं वाटावं.
नियम मी केलेला नाही.
बावीस वर्षं खिडकीतून वाचून दाखवते, इतकंच.

तिने आधी काहीतरी लिहून खोडलंय.
कागद उजेडासमोर धरला
आणि लगेच खाली ठेवला.
खोडलेल्याच्या खाली, ठळक: "कांदे."

सोबत पॅकिंग शेडच्या मुकादमाचं पत्र,
स्पेलिंगच्या चार चुका:
रात्रपाळीला पट्ट्यावर उभी असते.
आतून सडलेला कांदा हिला
हातात घेण्याआधी कळतो.

साडेबाराला जेवायला उठले.
दोनदा साबण लावला,
तरी सँडविचचा कागद सोडताना बोटांना तोच वास.

कमिटीकडे धाडायच्या फायलींचा ट्रे डावीकडे असतो,
शिक्का उजवीकडच्या खणात.
परत येऊन बसले
आणि खुर्ची जराशी
उजवीकडे ओढली.