दहा किलोच्या खालचं

उद्या प्रभुभोजन आहे.
पाळकसाहेबांनी मागच्या रविवारीच बजावलंय,
आपापलं तपासून या.
मी तपासायला बसलोय भोकरदन नाक्याच्या पुढे,
धर्मकाट्याच्या केबिनमध्ये, रात्रपाळीला.
पंख्याचं एक पातं वाकडं,
टक, टक, टक,
जसं कुणी बाहेरून दार वाजवतंय
आणि मी उठत नाही.

बावीस वर्षं झाली या खुर्चीत.
मोसंबी, सरकी, भंगार, सळई.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली,
वजाबाकी म्हणजे माल.
एवढंच गणित येतं मला.
पण माझी रिकामी चिठ्ठी कुठंय?
बाप्तिस्म्याच्या हौदातून वर आलो त्या सकाळची,
नाकातोंडात पाणी, अंगाला चिकटलेला पांढरा सदरा,
सोळा वर्षांचा, आत काहीच नसलेला मी.
जपून ठेवायला हवी होती ती.
आता वजा काय करू?

मोठं काही नाही माझ्या नावावर.
दारू नाही. कुणाचा रुपया नाही.
दशमांश वेळेवर, पावतीसकट,
पावत्या फायलीत आहेत, मागितल्या तर दाखवीन.

पण परवा अकराव्या दिवशी नळ आला
आणि पंचफुला दोन हंडे घेऊन फाटकात उभी राहिली.
मी आत जाऊन मोटार बंद केली.
म्हणालो, माय, आत्ताच गेलं बघ.
टाकी आमची भरून रस्त्यावर वाहिली होती.
तिने त्या ओलीकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
हंडे उलटे धरून निघून गेली.
संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत
मी जिवंत पाण्याबद्दल बोललो.
चांगलं बोललो. शीलवंतीने डोळे पुसले.

आणि त्या दिवशी टपरीवर
सळईवाले शेठ हसत म्हणाले,
काय पारखे, तुम्ही तर त्यांच्यातले ना?
मी चहा फुंकला.
म्हणालो, छे हो, आपलं नावापुरतं, बायकोच जाते.
कोंबडा वगैरे काही आरवला नाही.
जालन्यात दुपारी तीनला काय आरवणार?
लोखंड कापायचं मशीन तेवढं ओरडलं,
आणि ते रोजच ओरडतं.
बाहेर जाऊन रडलो असतो
तर निदान पेत्राशेजारी बसायला जागा मिळाली असती.
मी चहाचे पैसे दिले.
त्यांचेही.

मुलीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता, तो...
ते आत्ता नको.

दीडला इलाहीभाईची गाडी उतरली, काटा मोकळा झाला.
काय वाटलं कुणास ठाऊक,
चपला काढून मीच जाऊन उभा राहिलो वर.
पत्रा अजून गरम, दिवसभराच्या उन्हाचा.
खिडकीतून लाल आकडे दिसले, साठ.
दवाखान्यात मी चौसष्ट भरलो होतो.
आमचा काटा दहा-दहाने मोजतो,
खालचं सोडून देतो.
व्यापाऱ्यांना चालतं.
मलाही चालत आलं इतकी वर्षं.

प्रभू, तुझा काटा कितीने मोजतो?
थेंबाथेंबाने मोजत असशील तर मेलो.
आणि दहा-दहाने मोजत असशील
तर तुझ्याकडे येऊन काय उपयोग,
तसला काटा माझ्याकडेच आहे.

चिठ्ठी काढायला गेलो तर मशीन विचारतंय,
गाडी रिकामी की भरलेली?
बराच वेळ बोट तसंच धरून बसलो,
मग स्क्रीन आपोआप विझला.

चार वाजलेत.
सहाला पाळी सुटेल, दहाला उपासना,
प्याला फिरवायचं काम माझ्याकडे.
मधे चार तास आहेत.
टाकीत पाणी असेल अजून.
हंडे आमचेच घ्यावे लागतील, तिचे कुठल्या तोंडाने मागू?
हंडा खाली ठेवून मग कडी वाजवायची
की आधी कडी वाजवायची,
एवढंच अजून ठरत नाहीये.