चार कोपरे

कास्त्रोतल्या फोटोवाल्याचं दुकान अख्खं काचेचं,
आणि त्याच्याकडे उडता कॅमेरा.
"वरून बघा," म्हणाला,
आणि पडद्यावर कुणाचं तरी लग्न
साखरेचा दाणा घेतलेल्या मुंग्यांसारखं
चर्चमधून बाहेर पडलं.
नोल्बेर्तो खूश.
दिवसभर समुद्रात सॅमनच्या पिंजऱ्यांवर वाकलेला असतो तो,
वरून बघायची सवयच आहे त्याला.
मी विचारलं, यात माझी आई कुठे असेल?
त्याने बोटाने एक ठिपका दाखवला.

दुसरा पुएर्तो मोंतहून फेरीबोटीने आला,
स्वतःच्या खर्चाने,
हे त्याने चारदा सांगितलं.
त्याचे दर तीन: सोनेरी, रुपेरी,
आणि ज्याचं नाव घेताना तो जरा खाली बघायचा तो.
आईने शिंपल्यांचं कालवण वाढलं.
जेवता जेवता तो माझ्या ओठाकडे बघत होता.
जन्मतः फाटलेला, तान्हेपणी शिवलेला,
एका बाजूने थोडा वर ओढलेला ओठ.
"हे जाईल," म्हणाला, "कॉम्प्युटरवर.
त्याचे वेगळे पैसे नाही घेत मी."
आईने पातेल्यावर झाकण ठेवलं.
एरवी ते झाकण आवाज न करता बसतं.

सासूबाईंचं एकच पालुपद:
आमचा भाचा असताना बाहेरचा माणूस कशाला?
भाच्याने साखरपुड्याला सत्तावीस फोटो काढले,
त्यातल्या एकवीसांत त्याचा अंगठा आहे.
घरचा अंगठा, बोलणार कोण?

मग केयोन.
बसने अडीच तास, जिथे मोठा रस्ता संपतो आणि
पुढे नुसत्या बोटी असतात तिथे.
ओफेलिया चिग्वाय मच्छीमारांच्या परवान्यांचे फोटो काढते.
भिंतीवर पन्नासेक दाढ्या, हसणारं एकही तोंड नाही.
"लग्नं पण करता?"
"कुणी विचारलं तर."
अल्बम एकच. लोकरीच्या दोऱ्याने बांधलेला.
शेकोटीवरचं मेंढरू. अकॉर्डियनवाल्याचे फाटके बूट.
भिंतीला टेकून जोडा काढणारी नवरी,
टाचेवर फोड.
आणि एका पानावर
फोटो धरायचे चार कोपरे चिकटवलेले,
मधे काळा कागद.

"हा पडला वाटतं कुठेतरी."
"काढलाच नाही. नवरीचे वडील नाचता नाचता
मटकन खाली बसले. मीच जवळ होते.
कॅमेरा जमिनीवर ठेवला,
त्यांचं डोकं मांडीवर घेतलं."
"मग?"
"मग काय, दवाखाना. आता ठणठणीत आहेत,
दरवर्षी पोतंभर बटाटे पाठवतात."
"पण कोपरे कशाला चिकटवले?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं.
"तिथे झालं होतं ना काहीतरी."

स्वस्त नव्हती ती. घासाघीसही केली नाही.
दोन मेंढ्यांची एक मेंढी झाली,
आणि त्यावरून नवऱ्याकडची मंडळी
अजून टोमणे मारतात.
परतीच्या बसमध्ये नोल्बेर्तो गप्प.
बऱ्याच वेळाने म्हणाला, वरून मात्र कुणी नसणार.
मी म्हटलं, तुझे इस्माएलमामा
तीन पेल्यांनंतर छपरावर चढतातच.

आता मुलगी अल्बम उघडते,
चिकट बोटांनी, मी नको म्हणते तरी.
चौतिसाव्या पानावर थांबते.
चार कोपरे, मधे काळा कागद.
इथे काय होतं?
मला ठाऊक आहे, नोल्बेर्तोला ठाऊक आहे,
केयोनमध्ये एका बाईला.
मी तिला एवढंच सांगते,
तेव्हा ओफेलियाचे दोन्ही हात गुंतले होते.
तिला ते पटत नाही. पान उलटते.
तिथे मी हसते आहे,
ओठाच्या त्याच बाजूने
जरा आधी.